दोन फर्स्ट राउंड पिक देऊन नेमकं काय विकत घेतात?

माझ्या भाच्याने पुण्याहून विचारलंय, की मामा, अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधे, म्हणजे एनएफएलमधे, २०२१ ला लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा माणूस) जॅरेड गॉफ दिला, वर दोन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमधे कॉलेजचा पोरगा उचलायचे हक्क) आणि एक थर्ड राउंड पिक दिला आणि डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला, आणि त्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. पुढच्या वर्षी डेन्व्हरने जवळपास तसंच करून रसेल विल्सन घेतला आणि पार मातीत गेले. दोघं क्वार्टरबॅक ३३ वर्षांचे, दोघं नावाजलेले. मग एकाचं शहाणपण आणि दुसऱ्याचा वेडेपणा हे आधी कळतं का, की निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात?

आधी कळतं. सगळं नाही, पण बरंचसं कळतं. मी डेट्रॉइटच्या जवळच राहतो, दिवसा गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी गेली सोळा वर्षं इथल्या हायस्कूलच्या टीममधे क्वार्टरबॅक पोरांना शिकवतो, त्यामुळे या ट्रेडची दोन्ही टोकं मी अगदी जवळून बघितलीत, स्टॅफर्डची बारा वर्षं पण आणि नंतर गॉफची पण. माझं म्हणणं एकच आहे रे. क्वार्टरबॅक अपग्रेड करायला निघालेल्या टीमला एक प्रश्न विचारायचा, तुमच्या आत्ताच्या माणसाला कुठला थ्रो येत नाही? थ्रो म्हणजे नुसता हात नाही, कुठल्या वेळी, काय बघून, कुठे टाकायचा बॉल, ते सगळं. ज्या टीमकडे याचं नेमकं उत्तर असतं तिने पिक खर्च केले तर निदान काय घेतोय ते तिला माहीत असतं. जिचं उत्तर "आम्हाला चांगला क्वार्टरबॅक हवाय" एवढंच असतं तिने हातचे पिक सोडू नयेत.

आता पिकचा हिशोब आधी उरकून घेतो, कारण बाहेर चर्चा सगळी त्याचीच होते. ड्राफ्टला सात राउंड, ३२ टीम, जो सगळ्यात हरला त्याला पहिला नंबर. आयपीएलच्या ऑक्शनसारखं पैसे लावणं नाही इथे, नंबर आला की कॉलेजमधून आलेल्यातला कोणताही पोरगा उचलायचा, आणि हा नंबरच विकता येतो, यंदाचा पण आणि पुढच्या वर्षांचा पण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन डॅलसचे कोच असताना त्यांच्या ऑफिसात एक तक्ता बनला, प्रत्येक नंबरला पॉइंट. पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, पाचव्याला १७००, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९०. पुढे सगळी लीग तोच तक्ता, नाहीतर त्याच्यासारखाच आपला बनवलेला, घेऊन बसायला लागली.

त्या तक्त्यावर स्टॅफर्डचा भाव काढू. रॅम्सचा २०२२ चा फर्स्ट राउंड पिक शेवटी ३२ नंबरला पडला, २०२३ चा सहाव्या नंबरला, म्हणजे ५९० अधिक १६००, आणि २०२१ चा थर्ड राउंडचा १०१ नंबर धरला तर त्याचे शंभरच्या आत. एकूण २३०० च्या जवळ, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या पिकच्या मधला भाव. विल्सनचं बघ. डेन्व्हरने दिले ९ नंबर, ४० नंबर, पुढच्या वर्षीचे ५ नंबर आणि ३७ नंबर, नुसत्या या चारांचे ४०८० पॉइंट होतात, शिवाय एक फिफ्थ राउंड आणि ड्रू लॉक, नोआ फँट, शेल्बी हॅरिस असे तीन चालू प्लेअर, आणि परत काय आलं तर विल्सनसोबत एक फोर्थ राउंड पिक. पहिल्या नंबरच्या पिकला ३००० असतात हे लक्षात घे. म्हणजे डेन्व्हरने महाग घेतला हे खरंच आहे. पण स्वस्त मिळाला असता तरी तो तिथे चालला नसता. म्हणून मी म्हणतो तक्ता हा मंडईतला भाव आहे, भाव कळतो, पण आपल्या घरी आज काय शिजवायचंय ते तक्ता सांगत नाही.

आता गॉफकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

रॅम्सनी गॉफलाही पिक देऊनच आणलेला. २०१६ ला ते १५ नंबरवर होते, तिथून उडी मारून टेनेसीकडून पहिला नंबर घेतला, बदल्यात स्वतःचा १५ नंबर, दोन सेकंड राउंड, एक थर्ड राउंड आणि २०१७ चा फर्स्ट आणि थर्ड राउंड दिला. त्यातल्या ४५ नंबरच्या पिकवर टेनेसीने डेरिक हेन्री उचलला. गॉफ पहिल्या वर्षी सात मॅच खेळला आणि सातही हरला. मग शॉन मॅकव्हे कोच म्हणून आले, तेव्हा अवघे ३० वर्षांचे, आणि त्यांनी गॉफला एक सोपं, सुंदर गणित दिलं. रन (बॉल घेऊन धावणं) दाखवायची आणि पास टाकायचा, टीमला लवकर लाइनवर उभं करायचं, म्हणजे डिफेन्स कसा उभा आहे ते कोच वरून बघणार आणि हेल्मेटमधल्या रेडिओवरून क्वार्टरबॅकला सांगणार. हा रेडिओ प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर, १५ सेकंद राहिले की नियमाने बंद होतो. तोवर जे बघितलं ते खरं असेल तर गॉफ फार भारी क्वार्टरबॅक होता. २०१८ ला रॅम्सनी १६ मॅचमधे ५२७ पॉइंट केले, १३ जिंकल्या, सुपर बोलला गेले.

आणि तिथे न्यू इंग्लंडने नेमकं तेच केलं, स्नॅपच्या (बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येऊन प्ले सुरू होतो त्या क्षणाच्या) आधी एक दाखवायचं आणि स्नॅपनंतर दुसरं करायचं. सीझनभर बहुतेक मॅन कव्हरेज (प्रत्येक कॅच घेणाऱ्यामागे एक माणूस) खेळलेल्या टीमने त्या दिवशी बराचसा झोन (प्रत्येकाने आपली जागा राखायची) खेळला, रन अडवायला लाइनवर सहा माणसं उभी केली, आणि गॉफला बॉल हातात आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायची वेळ आली. १३-३ हरले. ५२७ पॉइंट करणाऱ्या टीमचे तीन पॉइंट, एकही टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमधे, नेणं) नाही!

त्या मॅचमधला एक प्ले मी पोरांना दरवर्षी दाखवतो. तिसरा क्वार्टर, स्कोअर ३-०, रॅम्सचा ब्रँडिन कुक्स एंड झोनमधे एकटा, म्हणजे अक्षरशः एकटा, आसपास कुणी नाही. गॉफला तो दिसतो, पण उशिरा दिसतो. बॉल हवेत असताना न्यू इंग्लंडचा जेसन मॅकॉर्टी मैदानाच्या दुसऱ्या बाजूने धावत येतो आणि बॉल हातातून उडवतो. टेप थांबवून बघितली की कळतं की थ्रो वाईट नव्हता, हातात जोर होता, दिशा बरोबर होती, फक्त पोहोचायला जो वेळ मॅकॉर्टीला मिळायला नको होता तो मिळाला. तो बॉल एक ठोका आधी सुटला असता तर टचडाउन होता. पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा म्हणतात, कोच, थ्रो तर छान आहे. मग मी टेप मागे नेतो आणि फक्त गॉफचे पाय बघायला लावतो, मागे गेलेला पाय टेकला तो क्षण आणि बॉल सुटला तो क्षण, मधे किती वेळ गेला ते मोजायला लावतो.

हे शिकवायला मी एक ड्रिल करतो, साधंच आहे. दोन पोरं सेफ्टी, म्हणजे डिफेन्सची सगळ्यात मागची माणसं, म्हणून मागे उभी करायची, स्नॅप झाला की कधी दोघंही मागेच राहतात, कधी त्यातला एक पुढे खाली येतो. क्वार्टरबॅकने तिसरं पाऊल मागे टाकायच्या आत मोठ्याने ओरडायचं, मागे एक की दोन. बॉल टाकायचाच नाही, नुसतं ओरडायचं. काही पोरं दोन आठवड्यात शिकतात, काहींना दोन सीझन लागतात, आणि काही चांगल्या हाताची, उंचीची, अभ्यासात हुशार पोरं अशी असतात की त्यांना ते शेवटपर्यंत चौथ्या पावलावरच दिसतं. त्यांच्यात काही कमी आहे असं नाही, पण त्यांच्यासाठी वेगळी टीम लागते, वेगळे प्ले लागतात. मला हे एका पोरामुळे कळलं. मी त्याला पूर्ण एक वर्ष त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध खेळवलं, तो रोज घरी तोंड पाडून जायचा, आणि चूक त्याची नव्हती, माझी होती. पुढच्या वर्षी त्याला प्ले ॲक्शन (रन दाखवून पास टाकायचे प्ले) दिलं, त्याच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी लाइन मजबूत केली, तोच पोरगा फुलला. गॉफचं पुढे काय झालं ते बघताना मला तो पोरगा सारखा आठवायचा.

तर २०१९ च्या सप्टेंबरात रॅम्सनी गॉफला चार वर्षांचा १३ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला, त्यातले ११ कोटी गॅरंटीड, आणि पुढच्या दोन सीझनमधे बाकीच्या टीमही न्यू इंग्लंडची ती मॅच बघून तेच करायला लागल्या. तेव्हा जानेवारी २०२१ पर्यंत मॅकव्हेंकडे माझ्या त्या प्रश्नाचं पक्कं उत्तर होतं. रॅम्सना फक्त स्टॅफर्ड मोठं नाव आहे म्हणून नको होता. डिफेन्सने स्नॅपनंतर रंग बदलल्यावर, रेडिओ बंद झाल्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून उशीर न करता टाकलेला थ्रो त्यांना हवा होता. आणि स्टॅफर्डने तो टाकताना डेट्रॉइटमधे बारा वर्षं आम्ही बघत होतो. टीम बहुतेक वर्षं वाईट, लाइन गळकी, प्लेऑफच्या तीन मॅच खेळला आणि तिन्ही हरला, म्हणून बाहेरचे लोक म्हणायचे जिंकत नाही. पण तो थ्रो टेपवर शेकडो वेळा होता.

आणि मग १३ फेब्रुवारी २०२२, तुझ्याकडे सोमवारची पहाट, तू पाच वाजता उठून बघितलेली मॅच. सिनसिनाटी २०-१६ ने पुढे, सहा मिनिटं आणि थोडे सेकंद राहिलेत, स्वतःच्या २१ यार्ड लाइनपासून ७९ यार्ड जायचंय, रॅम्सचा कॅच घेणारा ओडेल बेकम दुसऱ्या क्वार्टरलाच गुडघा धरून बाहेर गेलेला, म्हणजे सिनसिनाटीला पण माहीत होतं की बॉल दुसरा कॅच घेणारा कूपर कप याच्याकडेच जाणार. त्या ड्राइव्हमधला कपला दिलेला २२ यार्डचा थ्रो पुन्हा बघ. स्टॅफर्डचे डोळे एकीकडे आहेत, सेफ्टी व्हॉन बेल त्या डोळ्यांच्या मागे सरकतो आणि बॉल बेलने सोडलेल्या जागेतून कपकडे जातो, मान न वळवता. माझ्या ड्रिलमधे पोरं सेफ्टीला वाचतात, इथे क्वार्टरबॅकने सेफ्टीला हवं तिकडे पाठवलं. एक मिनिट २५ सेकंद राहिले असताना टचडाउन, २३-२०. त्या दिवशी स्टॅफर्डने दोन इंटरसेप्शनही (विरुद्ध टीमने पकडलेले थ्रो) दिले होते बरं का, तो काही बिनचूक खेळला नाही. पण ज्या एका गोष्टीसाठी रॅम्सनी पिक मोजले होते ती गोष्ट, जेव्हा हवी होती तेव्हा, पदरात पडली.

अजून एक, त्या पिकमधला एक भाग स्टॅफर्डसाठी नव्हताच. गॉफचा करार डेट्रॉइटने अंगावर घ्यावा म्हणून तो दिलेला भार होता. एवढं करूनही गॉफला आधीच दिलेल्या बोनसचे २ कोटी २२ लाख डॉलर रॅम्सच्या २०२१ च्या कॅपवर, म्हणजे टीमने पगारांवर करायच्या खर्चाच्या मर्यादेवर, बसले, आणि त्या वर्षीची कॅप होती १८ कोटी २५ लाख, म्हणजे आठवा हिस्सा अशा माणसासाठी जो टीममधे नाही. याला डेड कॅप म्हणतात. क्वार्टरबॅकच्या ट्रेडमधे लोक पिक मोजतात आणि हे मोजत नाहीत, खरं तर टीमचं गाडं अडतं ते बऱ्याचदा इथे.

आता डेन्व्हर. त्यांना कुठला थ्रो हवा होता? पेटन मॅनिंग सुपर बोल जिंकून २०१६ ला रिटायर झाले, तेव्हापासून सहा सीझन डेन्व्हर प्लेऑफला नाही, क्वार्टरबॅक एकामागून एक बदलून बघितले. इतक्या वर्षांच्या उपासानंतर भूक लागली की ताटात काय आहे ते माणूस बघत नाही. विल्सन सिॲटलला ज्या पद्धतीने मोठा झाला ती पद्धत टेपवर उघड होती, प्ले मोडला की पळायचं, बॉल धरून ठेवायचा आणि कडेने उंच, लांब, सुंदर थ्रो टाकायचा. मैदानाच्या मधल्या भागात, वेळेवर, पटकन सुटणारे थ्रो तो कमी टाकायचा. बॉल धरून ठेवण्याची किंमत पण दिसत होती, २०१३ पासून २०२० पर्यंत प्रत्येक सीझनला ४० च्या वर सॅक, म्हणजे थ्रो सुटायच्या आत पाडला जाणं. पायात वेग असतो तोवर हे सगळं चालतं, ३३ व्या वर्षी पाय आधी जातात. आणि डेन्व्हरने त्याच वर्षी नवीन कोच आणले, नॅथनिएल हॅकेट, पहिल्यांदाच हेड कोच, ज्यांचा ऑफेन्स वेळेवर सुटणाऱ्या बॉलवर चालतो. म्हणजे नवा कोच, नवा क्वार्टरबॅक, आणि दोघांच्या सवयी एकमेकांच्या विरुद्ध.

पहिलीच मॅच सिॲटलला होती. शेवटी फोर्थ अँड फाइव्ह, म्हणजे चौथा, शेवटचा प्रयत्न आणि पाच यार्ड हवेत, एवढे पिक देऊन आणलेला माणूस मैदानात उभा, आणि कोचने त्याच्या हातात बॉल न देता ६४ यार्डची फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायची, तीन पॉइंटची) मारायला लावली. गेली बाहेर, १७-१६ हरले. मी ते बघताना जागेवरून उठलो, कारण त्या एका निर्णयात सगळं आलं होतं, ज्याच्यासाठी ताट भरून पिक दिले त्याच्यावर पाच यार्डचा विश्वास नाही! त्या सीझनला डेन्व्हर पॉइंट करण्यात लीगमधे शेवटून पहिले, विल्सनला ५५ सॅक, ५-१२ रेकॉर्ड, हॅकेटना सीझन संपायच्या आधीच काढलं. आणि ही सगळ्यात मोठी चूक ऐक, विल्सनचा जुना करार दोन वर्षं शिल्लक असताना, डेन्व्हरसाठी एकही मॅच खेळायच्या आधी, त्याला पाच वर्षांचा साडेचोवीस कोटी डॉलरचा नवा करार दिला. मार्च २०२४ ला सोडावं लागलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलरचा डेड कॅप दोन वर्षांत वाटून घ्यावा लागला, २०२४ मधे ५ कोटी ३० लाख, त्या वर्षीच्या कॅपच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. आणि सिॲटलने त्या पिकवर चार्ल्स क्रॉस, बॉये माफे, डेव्हन विदरस्पून, डेरिक हॉल असे चार पोरगे उचलले. मग डेन्व्हरने काय केलं, तर २०२४ ला स्वतःच्याच १२ नंबरवर, कुणालाही काही न देता, क्वार्टरबॅक बो निक्स घेतला, आणि तो पहिल्याच वर्षी प्लेऑफला घेऊन गेला. कारण तोवर शॉन पेटन कोच होते आणि त्यांना नेमका कसा थ्रो टाकणारा पोरगा पाहिजे ते माहीत होतं.

आता तू म्हणशील, मामा, ज्यांना उत्तर माहीत असतं ते कधी फसत नाहीत का? फसतात. सॅन फ्रान्सिस्कोचं बघ, त्यांचं मला खरंच वाईट वाटलं. फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमधे शेवटची दीड-पावणेदोन मिनिटं राहिलेली असताना त्यांचा इमॅन्युएल सँडर्स पुढे सुटला होता आणि क्वार्टरबॅक जिमी गारोपोलोचा लांबचा बॉल त्याच्या पुढे पडला. कुठला थ्रो नाहीये ते सगळ्या जगाने बघितलं. २०२१ ला त्यांनी १२ नंबर, पुढचे दोन फर्स्ट राउंड आणि एक थर्ड राउंड देऊन तिसरा नंबर घेतला आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्स उचलला. पण लान्स कॉलेजला जेमतेम १७ मॅच सुरुवातीपासून खेळलेला, कोव्हिडमुळे आदल्या वर्षी फक्त एक. कुठला थ्रो हवा ते माहीत होतं, पण तो थ्रो या माणसाने पुरेशा वेळा टाकलेला कुणी बघितलाच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोसाठी त्याने चार मॅच सुरू केल्या, मग एका फोर्थ राउंड पिकवर डॅलसला गेला. आणि त्याच टीमने २०२२ ला ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या २६२ नंबरवर ब्रॉक पर्डी घेतला, जो कॉलेजमधे चार वर्षं सुरुवातीपासून खेळून आलेला होता, तोच त्यांना पुढच्या सुपर बोलला घेऊन गेला.

याच्या उलट कॅन्सस सिटी. २०१६ चा सीझन १२-४, क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ, हुशार, जपून खेळणारा, आणि प्लेऑफमधे घरच्या मैदानावर पिट्सबर्गने एकही टचडाउन न करता, सहा फील्ड गोल मारून १८-१६ हरवलं. टीम तयार होती, कमी होता तो धोका पत्करून टाकलेला लांबचा थ्रो. तीन महिन्यांनी ते २७ वरून १० वर गेले, बफेलोला २७ नंबर, एक थर्ड राउंड आणि पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड देऊन, आणि पुढे त्यांना सुपर बोल जिंकून देणारा पॅट्रिक महोम्स घेतला. वर्षभर त्याला बसवून ठेवला, एकच मॅच खेळवली. बारा मॅच जिंकलेल्या टीमने हे केलं म्हणून तेव्हा काय काय बोलले लोक! पण तयार टीमनेच ते करायचं असतं, कारण पुढच्या वर्षीचा पिक खाली तिसाव्या नंबरच्या आसपास पडणार याची तिला बऱ्यापैकी खात्री असते.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घे, कारण भविष्यातला पिक विकणं म्हणजे काय ते यात आहे. तू पुढच्या वर्षीचा पिक देतोस तेव्हा त्याचा नंबर तुला माहीत नसतो, तू चांगला खेळलास तर स्वस्त, वाईट खेळलास तर महाग. लीगमधे रीत अशी, की पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड म्हणजे आजचा सेकंड राउंड धरायचा, इतकं आपण उद्याला स्वस्त समजतो. सावकाराकडून घेतलेल्या उधारीसारखंच आहे ते, आपले दिवस फिरले की व्याज वाढतं. रॅम्स २०२२ ला कोसळले, स्टॅफर्ड जखमी, कप जखमी, ५-१२, म्हणून डेट्रॉइटला गेलेला पिक सहा नंबरचा झाला. कॅरोलिनाने २०२३ ला पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेता यावा म्हणून शिकागोला डीजे मूर दिला, ९ नंबर दिला, शिवाय २०२४ चा फर्स्ट राउंड दिला, आणि २-१५ अशी वाट लागल्यावर तो पिक चक्क पहिल्या नंबरचा निघाला. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला. म्हणून आजकाल अटी घालतात. न्यू यॉर्क जेट्सनी २०२३ ला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स घेताना पुढच्या वर्षीच्या पिकवर अट टाकली, रॉजर्स ६५ टक्के प्ले खेळला तर फर्स्ट राउंड, नाहीतर सेकंड राउंड. पहिल्या मॅचच्या चौथ्या स्नॅपला त्याचा टाचेवरचा अकिलिस स्नायुबंध तुटला. सीझन गेला, पण त्या एका ओळीमुळे फर्स्ट राउंड पिक वाचला.

आणि रॅम्स फर्स्ट राउंडवर पाणी सोडून कसे जगले, असं विचारशील तर ते खालच्या राउंडवर जगले. २०१६ ला गॉफ घेतल्यापासून २०२४ ला जॅरेड व्हर्स घेईपर्यंत त्यांनी पहिल्या राउंडला एकही पोरगा उचलला नाही. पण कप थर्ड राउंडचा, कायरन विल्यम्स फिफ्थ राउंडचा, पुका नाकुआ १७७ नंबरचा, आणि त्या नाकुआने पहिल्या वर्षी १०५ कॅच घेऊन पहिल्या वर्षाच्या खेळाडूचं तेव्हाचं रेकॉर्ड केलं. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टचा अभ्यास केलाय, त्यात निघालं की एका जागेवरचा आधी उचललेला पोरगा त्याच जागेवरच्या पुढच्या पोरापेक्षा चांगला निघायची शक्यता ५२ टक्के. म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. ज्या टीमचे स्काउट खालच्या राउंडला माणसं ओळखतात तिला वरचा पिक द्यायला कमी दुखतं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी फर्स्ट राउंड दिला म्हणजे पेरणीचं बियाणंच खाल्लं.

आता डेट्रॉइटबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ट्रेड झाला तेव्हा इथे सगळे म्हणत होते, गॉफ म्हणजे पिकसोबत आलेलं ओझं, वर्षभर ठेवतील आणि काढतील. पहिल्या वर्षी ३-१३-१ झालं तेव्हा तर ऑफिसात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. पण नवे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स रॅम्सकडूनच आलेले, तिथे कॉलेज स्काउटिंगचे प्रमुख, म्हणजे गॉफला काय येतं आणि काय येत नाही हे त्यांना इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. त्यांनी गॉफच्या पुढे दणकट लाइन उभी केली, पेनी सूलला ७ नंबरवर घेतलं. रॅम्सचा ६ नंबर आला तो ॲरिझोनाबरोबर बदलून खाली १२ वर गेले आणि जाहमीर गिब्स घेतला, त्याच व्यवहारात मिळालेल्या ३४ नंबरवर सॅम लापोर्टा. रन दाखवून पास टाकायचा तोच ऑफेन्स, पण आता रन खरीच जबरदस्त, म्हणून डिफेन्सला स्नॅपनंतर नाटक करायची उसंतच नाही. गॉफचा न येणारा थ्रो शिकवायला ते बसले नाहीत, तो थ्रो लागणारच नाही अशी टीम बांधली.

१४ जानेवारी २०२४ ला स्टॅफर्ड रॅम्सना घेऊन डेट्रॉइटच्या मैदानावर, फोर्ड फील्डवर, प्लेऑफ खेळायला आला. मी वरच्या मजल्यावर होतो, मुलगी बरोबर होती. बारा वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं त्या स्टॅफर्डला लोकांनी हुर्यो केली, मला ते आवडलं नाही, आणि जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ असा घोष सुरू झाला तो कानाला दडे बसेपर्यंत. स्टॅफर्डने ३६७ यार्ड टाकले, अप्रतिम खेळला, पण रॅम्सना गोलजवळ तीनदा येऊन तिन्ही वेळा फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं. डेट्रॉइट २४-२३ पुढे, शेवटची दोन मिनिटं, सेकंड अँड नाइन, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि बॉल आपल्याकडे राहायला नऊ यार्ड हवेत. समोर मॅकव्हे, ज्यांना गॉफची प्रत्येक सवय पाठ. अशा वेळी कोणताही कोच रन करून घड्याळ पळवतो. डेट्रॉइटने गॉफच्या हातात बॉल ठेवला. त्याने वेळेवर, अजिबात न थांबता, अमॉन-रा सेंट ब्राउनला ११ यार्डवर टाकला, फर्स्ट डाउन, मॅच संपली, १९९१ च्या सीझननंतर डेट्रॉइटने जिंकलेली पहिली प्लेऑफ मॅच. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ खुर्ची धरून रडत होते, आणि मी मुलीला सांगत होतो, पाय बघितलास का त्याचा, टेकला आणि बॉल सुटला.